सदतिसावी निवड

श्रीरंग : ...तर नोंद अशी. जून महिन्यातला शेवटचा शनिवार, दुपारचे चार. स्थळ डेट्रॉइटजवळचे ट्रॉय, मिशिगन. आमच्या घरामागचा लाकडी ओटा, ज्याला हा मुलगा डेक म्हणतो. अध्यक्षस्थानी माझी पत्नी शुभा. ओकलंड काउंटीच्या न्यायालयात ती बावीस वर्षे दुभाषी होती, त्यामुळे दोन्ही बाजूंचे ऐकून घेण्याची तिला सवय आहे.

शुभा : तिथं पगार मिळायचा.

श्रीरंग : एका बाजूला मी. दुसऱ्या बाजूला सिद्धेश, मूळचा नागपूरचा, वय एकोणतीस, गेले चार हिवाळे माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून आपल्या संघाचे पराभव पाहत आलेला.

सिद्धेश : काका, जिंकलेल्या मॅचेस पण टाका ना नोंदीत.

श्रीरंग : त्या इतक्या थोड्या आहेत की दोघांनाही पाठ आहेत. विषय : परवाच्या बास्केटबॉलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, आपल्या संघाने सदतिसाव्या क्रमांकावर क्रोएशियातील झादर गावचा इव्हो नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा निवडला, आणि त्याला इकडे न आणता दोन वर्षे तिकडेच खेळत ठेवण्याचे ठरवले. हे योग्य की अयोग्य?

सिद्धेश : टोटली अयोग्य.

श्रीरंग : थांब. नियम तुला ठाऊक आहे. आपले मत नंतर. आधी समोरच्याचे म्हणणे असे मांडायचे की त्याने स्वतः ‘हो, हेच’ म्हटले पाहिजे. तोवर खंडनाचा अधिकार नाही. पूर्वपक्ष प्रामाणिक नसेल तर उत्तरपक्ष म्हणजे नुसती आरडाओरड.

शुभा : सिद्धेश, आधी एक सांग. त्या एचआरच्या बाईचा मेल आला का?

सिद्धेश : आला काकू. सोमवारी दुपारपर्यंत सांगा म्हणते. विंडसरच्या ऑफिसला जातो की रिझाइन करतो.

शुभा : आणि इथली परवानगी?

सिद्धेश : ऑगस्टमध्ये संपते. शिकून झाल्यावर काम करायला मिळतात ती तीन वर्षं, ती संपत आली. व्हिसाच्या लॉटरीत तिसऱ्यांदा नाव निघालं नाही, हे तर मार्चलाच कळलं होतं. आता कंपनी म्हणते, नदीपलीकडं कॅनडात बस, तिथून हेच काम कर, पुढच्या वर्षी पुन्हा नाव टाकू.

श्रीरंग : तो विषय आज पटलावर नाही.

शुभा : पटलावर चहाही नव्हता. आणलाच ना मी? बरं, चालू द्या. सिद्धेश, यांची बाजू मांड.

सिद्धेश : ओके. मी काका आहे. माझं म्हणणं असं की सेकंड राउंडमधली निवड म्हणजे तशीही अर्धी आशा. टीममध्ये जागा पंधरा. त्यातली एक जागा कच्च्या पोरावर घालवली तर ते पोरगं बेंचवर बसून टॉवेल वाटणार. त्यापेक्षा त्याला त्याच्या गावी मोठ्या माणसांच्या लीगमध्ये रोज तीस मिनिटं खेळू द्या. सात फूट एक इंच आहे, पण अंगात जोर नाही. जोर तिकडं येईल. तेवढ्यात हक्क आपल्याकडं राहतो, दुसरी टीम त्याला हात लावू शकत नाही. आपली जागा अडत नाही. तयार झाला की आणायचा. नाही झाला तर काही बिघडलं नाही.

श्रीरंग : एक गोष्ट राहिली.

सिद्धेश : कोणती?

श्रीरंग : त्याचा पास. उंच माणसे चेंडू घेतात आणि खाली बघतात. हा चेंडू घेतो आणि वर बघतो. पाठीमागून धावत येणाऱ्याला न वळता देतो. असा सेंटर आपल्याकडे गेल्या पंधरा वर्षांत आलेला नाही. मी त्याचे झादरचे सहा सामने कॉम्प्युटरवर पाहिले आहेत.

शुभा : पहाटे उठून. स्वयंपाकघरात क्रोएशियन कॉमेंटरी. मला वाटलं घरात भांडण चाललंय.

सिद्धेश : बरं, अन् त्याचा पास. मान्य?

श्रीरंग : मान्य. हो, हेच. आता खोड.

सिद्धेश : खोडतो. पाहा काका, सदतीस नंबरला कोण शिल्लक होता? डेव्हन. फ्लिंटचा पोरगा, इथून एक तासावरचा. तेवीस वर्षांचा, कॉलेजची चारही वर्षं खेळलेला. तो ऑक्टोबरपासून खेळला असता. पहिल्या दिवसापासून डिफेन्स, कोपऱ्यातून तीन पॉइंट. त्याला कुणी शिकवायची गरज नाही. आपल्या टीमला आज काय पाहिजे? चौथ्या क्वार्टरमध्ये दमलेल्या लोकांच्या जागी उभा राहील असा माणूस. तो घरी बसलाय, अन् आपण एक नाव विकत घेऊन कपाटात ठेवलं. हे असं किती वेळा केलं आपण? तो फिनलंडचा आठवतो? त्याचा हक्क आपल्याकडं होता म्हणे. तो आता फिनलंडमध्ये मासेमारीच्या बोटी विकतो.

श्रीरंग : बोटी नव्हे. बोटींची इंजिने.

सिद्धेश : काका, यार!

श्रीरंग : खंडन करताना तपशील चुकला की खंडन लंगडे होते. पुढे?

सिद्धेश : पुढे हेच की ज्याला ‘नंतर’ म्हणून ठेवतो तो येत नाही. टीम बदलते, कोच बदलतो, ज्यानं निवडलं तो मॅनेजर नोकरी सोडून जातो. नवीन माणसाला तो कोण हेही ठाऊक नसतं. माझं झालं.

शुभा : छान. अहो, आता तुम्ही याची बाजू मांडा.

श्रीरंग : मांडतो. मी सिद्धेश. माझे म्हणणे असे : संघ म्हणजे आज मैदानावर उभे असलेले पाच जण, भविष्याचे गोदाम नव्हे. प्रेक्षक आज पैसे देतो आणि आज हरतो. डेव्हन तयार आहे, जवळचा आहे, त्याच्या खेळात काय उणे आहे ते ठाऊक असल्यामुळे त्याच्याकडून फसगत होणार नाही. इव्हो ही कल्पना आहे. आणि कल्पनेला दुखापत होत नाही, म्हणूनच ती व्यवस्थापकांना प्रिय असते. लांब ठेवलेली वस्तू आपली राहते, हा मालकाचा भ्रम आहे. मान्य?

सिद्धेश : नाही.

श्रीरंग : नाही? यापेक्षा चांगले तूही मांडले नसतेस.

सिद्धेश : भाषा मस्त आहे काका. पण हे माझं म्हणणं नाही.

श्रीरंग : मग काय राहिले?

सिद्धेश : इव्हो राहिला.

श्रीरंग : त्याच्याविषयीच तर बोलतो आहोत.

सिद्धेश : टीमविषयी बोलून राहिलो आपण. टीमला काय फायदा, टीमची जागा, टीमचा हक्क. तुम्ही पाहिलं ना परवा? त्याचं नाव पुकारलं तेव्हा हॉलमध्ये तो नव्हताच. बाकी पोरं टोपी घालून, आईला मिठी मारून, स्टेजवर येत होती. याचं नाव घेतलं, एक फोटो दाखवला, पुढं लगेच अडतीस नंबर. तिकडं झादरला पहाटेचे अडीच-तीन वाजले असतील. कुणीतरी उठवून सांगितलं असेल, तुला घेतलं. त्यानं विचारलं असेल, मग कधी निघू? तर उत्तर, नाही, तू तिथंच थांब.

श्रीरंग : अन्याय काय झाला त्याच्यावर? तो आपल्या गावात आहे, खेळतो आहे, त्याला पगार आहे.

सिद्धेश : पण तो तिथला राहिला नाही ना! त्याच्या क्लबला ठाऊक आहे की हा जाणार. नवीन डाव बसवताना त्याला कशाला धरतील? अन् इथं तो अजून आलेला नाही. दर उन्हाळ्यात एक फोन. छान खेळतोयस, पुढच्या वर्षी बघू. त्याला घर घेता येत नाही. कुणाला हो म्हणता येत नाही. आईनं विचारलं, लग्नाचं काय, तर काय सांगणार? माझा हक्क दुसऱ्याकडं आहे?

शुभा : सिद्धेश.

सिद्धेश : हो काकू.

शुभा : इव्होचं लग्न एकोणिसाव्या वर्षी कोण लावतंय?

सिद्धेश : उदाहरण दिलं मी, काकू.

शुभा : रुचा काय म्हणते?

श्रीरंग : शुभा, सभेचे नियम...

शुभा : सभा माझ्या अध्यक्षतेखाली आहे. सिद्धेश, बोल.

सिद्धेश : काही नाही म्हणत. तोच तर प्रॉब्लेम आहे. आधी दर फोनला विचारायची, कधी येणार? मी सांगायचो, मार्चमध्ये लॉटरी आहे. मार्चनंतर सांगायचो, पुढच्या मार्चला आहे. आता ती नागपूरच्या डेंटल कॉलेजमध्ये पर्मनंट झालीये. शिकवते, दुपारी पेशंट बघते. फोनवर मला सांगते आज कुणाची अक्कलदाढ काढली, कॉलेजच्या कँटीनमध्ये काय झालं. सगळं सांगते. फक्त ‘कधी’ विचारणं सोडून दिलं तिनं.

शुभा : केव्हापासून?

सिद्धेश : मला कळलंही नाही केव्हापासून. हेच वाईट वाटतं.

श्रीरंग : आता हा विषय निघालाच आहे, तर मी स्पष्ट बोलतो. विंडसर ही शिक्षा नाही. इथून टनेलपर्यंत पाऊण तास. तुझे काम तेच, सहकारी तेच, गाड्यांच्या ब्रेकच्या त्या प्रणालीवर तू दोन वर्षे घातली आहेस ती पूर्ण होईल. मी दर शनिवारी येईन. पासपोर्ट दाखवायचा आणि नदीखालून जायचे. तुझ्या घरी सामना लावू. जग कॅनडाला उत्तर म्हणते. पण इथे नदी अशी वळते की आपल्याकडून विंडसर दक्षिणेला आहे. तू दक्षिणेला चाललास असे समज.

सिद्धेश : तुम्ही याल हो काका. मी येऊ शकणार का इकडं? ते बॉर्डरवरच्या त्या बूथमधला ऑफिसर ठरवणार, त्याच्या मूडवर.

श्रीरंग : वर्षभराचा प्रश्न आहे.

सिद्धेश : तुम्हीच सांगा, एक वर्ष किती वेळा झालंय आपलं?

श्रीरंग : आणि नागपूरला जाऊन काय करणार आहेस? ज्या यंत्रणेवर तू इथे काम करतोस ती तिथे आहे का? दार एकदा बाहेरून लावले की ते बाहेरून उघडत नाही. मी बेचाळीस वर्षे इथे आहे. किती मुले आली आणि गेली, मी पाहिली आहेत. जाणारा सांगतो, परत येईन. येत नाही.

सिद्धेश : मग ठीक आहे ना. नाही आलो तर नाही आलो.

श्रीरंग : असे बोलू नये.

सिद्धेश : का नाही बोलू? तुम्ही मघापासून संघाची बाजू मांडून राहिले. हक्क, जागा, तयार झाल्यावर आणू. मी काही सदतीस नंबर नाही काका. तुम्हाला वाटतं मी नदीपलीकडं राहावं, कारण दर शनिवारी तुम्हाला कुणीतरी पाहिजे, शेजारी बसून तुमचं ऐकणारं. काकूंना गुडघ्यामुळं स्टेडियमच्या त्या पायऱ्या चढवत नाहीत, प्रीता, तुमची स्वतःची मुलगी, सिएटलहून फोनपण...

शुभा : सिद्धेश. पुरे.

(शेजारचा केन गवत कापायचे यंत्र सुरू करतो. कुंपणापलीकडे ते पुढे जाते, परत येते. मग थांबते.)

सिद्धेश : सॉरी काका.

श्रीरंग : माफी कशाची? मुद्दा असंबद्ध नव्हता.

सिद्धेश : पण प्रीताचं बोलायला नको होतं मी.

शुभा : नको होतं. ती फोन करते. मला करते. यांना केला की हे तिच्या वाक्यांत दुरुस्त्या सुचवतात.

श्रीरंग : हेही असंबद्ध नाही. शुभा, अध्यक्ष म्हणून एक सांग. पूर्वपक्षाला समोरच्याची मान्यता मिळाली नाही, तर पुढचा मार्ग काय?

शुभा : तुम्हीच केलेला नियम आहे. पुन्हा मांडायचा.

श्रीरंग : मग मला पुन्हा मांडू दे. आणि विषय बदलण्याची अनुमती दे. इव्होला बाजूला ठेवू. विषय : सिद्धेशने सोमवारी विंडसरला होकार द्यावा की नाही. माझी बाजू तू ऐकलीस. आता मी तुझी मांडतो. चुकलो तर थांबव.

सिद्धेश : काका, राहू द्या ना.

श्रीरंग : राहू देणार नाही. चार वर्षे आपण डिफेन्सवर, टाइमआउटवर, कोचच्या बुद्धीवर या नियमाने भांडलो. ज्या एका गोष्टीवर खरोखर भांडायचे आहे तिथेच नियम सोडायचा, हे मला जमणार नाही. शुभा?

शुभा : परवानगी आहे.

श्रीरंग : मी सिद्धेश. मी एकोणतीस वर्षांचा आहे. तीन वर्षे लागोपाठ माझे नाव एका पेटीत टाकले गेले आणि तीनही वेळा ते निघाले नाही. मला कुणी नाकारले, असेही मला म्हणता येत नाही. नाकारण्यासाठी निदान कुणीतरी माझ्याकडे पाहायला हवे होते; माझे काम, माझे गुण, माझी चूक. तसे काही घडले नाही. त्यामुळे मला रागही नीट धरता येत नाही, आणि सुधारणाही करता येत नाही. खेळाडू हरला तर त्याला निदान सामना पुन्हा पाहता येतो. माझ्याजवळ पाहण्यासारखा सामनाच नाही. थांबवतोस?

सिद्धेश : नाही.

श्रीरंग : मी इथे आलो तेव्हा माझ्या आयुष्याला क्रम होता. आधी शिक्षण, मग नोकरी, मग स्थैर्य, मग रुचा. स्थैर्य हे तिसरे घर, आणि मी तीन वर्षे तिथेच अडकलो आहे. पुढचे घर रिकामे राहिले. आणि रिकामे राहते म्हणून ते तसेच आपली वाट पाहत राहील, असे मी धरून चाललो. आता माझ्या लक्षात आले आहे की तिथे राहणाऱ्या माणसाने आपला दिवस वेगळा लावून घेतला. तिने माझ्याशी भांडण केले नाही. भांडली असती तर मी वाद घातला असता. वाद मला येतो. ती मला अक्कलदाढांच्या हकिकती सांगते, आणि मी ऐकतो, आणि फोन ठेवल्यावर माझ्या ध्यानात येते की त्या हकिकतींत मला जागा नाही.

सिद्धेश : पुढे बोला.

श्रीरंग : विंडसरला मला नदीकाठच्या इमारतीत खोली मिळेल. खिडकीतून डेट्रॉइट दिसेल. जिथे मला राहू दिले नाही ते गाव मी रोज सकाळी दात घासताना पाहीन, आणि त्याला जवळ म्हणेन. कंपनी माझ्याशी चांगली वागेल. म्हणूनच तिला नाही म्हणणे अवघड आहे. वाईट वागली असती तर मी केव्हाच गेलो असतो. मी परत गेलो तर नागपुरात लोक विचारतील, काय झाले? त्यांना सांगण्यासारखी गोष्ट माझ्याजवळ नाही. वडील कुणाला काही बोलणार नाहीत, पण संध्याकाळी फिरायला जाण्याचा रस्ता काही दिवस बदलतील. याचीही मला भीती आहे. आणि तरी मला जायचे आहे. हे मी मार्चपासून जाणतो.

सिद्धेश : काका, मार्चपासून कसं...

श्रीरंग : माझे पुरे झालेले नाही. हे मी मार्चपासून जाणतो, आणि एका माणसाला अजून सांगितलेले नाही. तो म्हातारा आहे, हट्टी आहे, आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर मी बसतो. मी सांगितले तर तो युक्तिवाद करील. त्याचा युक्तिवाद मला खोडता येईल, पण तो युक्तिवाद का करतो आहे ते मला ठाऊक असल्यामुळे खोडवणार नाही. म्हणून मी एका क्रोएशियन मुलावर आवाज चढवतो. संपले. मान्य?

सिद्धेश : हो.

श्रीरंग : नियमातले शब्द वापर.

सिद्धेश : हो, हेच.

शुभा : अहो, पाणी घ्या थोडं.

श्रीरंग : नको. आवाज ठीक आहे.

शुभा : आता खंडन.

श्रीरंग : खंडनाचा एक मुद्दा आहे, आणि तो खरा आहे. हा गेला की दार बंद होईल. पुढे कधी पश्चात्ताप झाला, तर त्याला परतीचा रस्ता नसेल. हे मी मघाशी रागाने म्हटले, आता शांतपणे म्हणतो. दुसरा मुद्दा मी शोधला. कामाचा. त्याची ब्रेकची प्रणाली दुसरा कुणी पूर्ण करील. मोटार कंपनीतल्या माझ्या पस्तीस वर्षांतली निम्मी कामे दुसऱ्यांनी पूर्ण केली आणि गाड्या थांबल्या. तो मुद्दा टिकत नाही. तिसरा माझ्या स्वतःविषयीचा होता, तो युक्तिवाद नव्हे. खुर्चीचे मी पाहीन.

शुभा : म्हणजे एकच मुद्दा.

श्रीरंग : एकच. तो पुरेसा आहे की नाही, हे मी सांगू नये. मी पक्षकार आहे.

शुभा : सिद्धेश, तुला काही म्हणायचंय?

सिद्धेश : काकांचा मुद्दा बरोबर आहे. मला भीती वाटते. दोन वर्षांनी नागपुरात ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना वाटलं, की थांबायला पाहिजे होतं अजून एक वर्ष, तर? अन् ते मी रुचावर काढलं, तर? तिनं तर म्हटलंच नाही की ये.

शुभा : तू विचारलंस तिला? येऊ का, म्हणून?

सिद्धेश : नाही. विचारलं अन् ती म्हणाली, तुझं तू बघ, तर काय करू?

शुभा : तर निदान ते तुला तिच्या तोंडून कळेल. आणखी एक प्रश्न. कोर्टात वकील लोक असले प्रश्न फिरवून विचारायचे, मला ते सरळ करून सांगावे लागायचे, म्हणून सरळच विचारते. समज, तू विंडसरला गेलास. पुढच्या मार्चला तुझं नाव निघालं. तुला आनंद होईल?

सिद्धेश : होईल. म्हणजे... हो, होईल ना.

शुभा : पहिला फोन कुणाला?

सिद्धेश : काकांना.

शुभा : आणि रुचाला?

सिद्धेश : रुचाला सांगायची भीती वाटेल.

श्रीरंग : शुभा, हे नोंदीत घे.

शुभा : नोंद कुणी ठेवत नाहीये हो इथं. ऐकलं मी.

सिद्धेश : काका, तुम्ही बेचाळीस वर्षांपूर्वी परत गेला असता तर?

श्रीरंग : हा प्रश्न अध्यक्षांना विचार. मी गेलो असतो तर तीही गेली असती.

शुभा : मी गेले असते. आणि तिथंही यांनी अशीच सभा भरवली असती, चहाही मलाच करावा लागला असता. त्याचा तुझ्या सोमवारशी काही संबंध नाही, सिद्धेश. आमचं आमचं झालं. नशिबानं आमच्या वेळी पेटी नव्हती, रांग होती. रांगेत उभ्या माणसाला आपला नंबर कळतो.

श्रीरंग : हा मुद्दा माझ्या लक्षात यायला हवा होता.

शुभा : तुम्ही पासकडे बघत होतात.

सिद्धेश : काकू, मग निकाल?

शुभा : दोन विषय होते. पहिल्याचा आधी देते. तो इव्हो. टीमनं त्याला निवडलं अन् तिकडंच ठेवलं, यात टीमचं काही चुकलं नाही. टीमला जे पाहिजे ते तिनं केलं. पहिला विषय यांनी जिंकला.

श्रीरंग : आभार. पण मला त्यात आता रस उरलेला नाही.

शुभा : तरी जिंकलात. निकाल रस बघून देत नाहीत. दुसऱ्या विषयावर आणखी कुणाला काही बोलायचंय का? नंतर चालणार नाही.

श्रीरंग : मला नाही.

सिद्धेश : मला पण नाही.

शुभा : अहो, तुम्ही मान्य कराल ना? तोंड पाडून बसायचं नाही. सोमवारपर्यंत याला फोन करून नवीन मुद्दे सांगायचे नाहीत.

श्रीरंग : मान्य करीन. फोन करणार नाही.

शुभा : सिद्धेश?

सिद्धेश : सांगा काकू.

शुभा : विंडसरला नाही म्हणून कळव. तू नागपूरला जा.